अनुक्रमांक ४११७

कूलरच्या मोटरीवर पितळी पट्टी होती.
चिंचेनं घासली तेव्हा अक्षरं वर आली:
कन्हान मोटर्स, नागपूर. अनुक्रमांक ४११७.
खाली वर्ष असावं. नेमकं तिथंच स्क्रूचं भोक.

झिजला होता एक बुश.
तेवढ्यासाठी मी अख्खी कंपनी शोधायला निघालो,
मे महिन्यात, तोंडाला दुपट्टा बांधून.

इतवारीत दुकानदार गादीवरून न हलता म्हणाला,
"कायले शोधून राहिला बे? नवी ने,
राजकोटची आहे, वर्षाची गॅरंटी."
जुन्या पावतीवर सहा आकडी फोन होता.
आधी दोन लावून फिरवला,
तर पाळणाघर लागलं.

उप्पलवाडीत प्लॉट आहे. शेड नाही.
तिथं लग्नाचं लॉन,
आणि जनरेटरमागं सिमेंटचा एक ओटा,
त्यावर म्हणे मोटरी तपासत.
आता आचारी भट्टी मांडतो.
ओट्यातून चार बोल्ट अजून वर आलेले,
भट्टी त्यांच्यातच बरोबर बसते.

चौकीदारानं एक नाव दिलं.
गोळीबार चौकामागं, वेणूबाई हेडाऊ.

त्यांनी मोटर मांडीवर घेतली, सूप घ्यावं तशी.
झाकण काढून बोटानं तार चाचपली.
"घरी माग होता आमच्या. तो बसला, मंग मी तारेवर गेली.
सूत काय अन् तांबं काय,
तुटू द्याचं नाही, येवढंच."

गुंडाळीच्या टोकाशी एक सुती गाठ,
लुगड्याच्या काठाचा दोरा,
वार्निशात बुडून काळा पडलेला.
तुमची?
चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"नाही. हे यमुना सोनकुसरेची.
डावरी होती ते."

कंपनीचं काय झालं त्यांना ठाऊक नव्हतं.
मालक पुण्याला गेले, की वारले, की दोन्ही.
एका सकाळी गेटला कुलूप दिसलं,
आणि बाया डबे घेऊन संध्याकाळपर्यंत बाहेर बसल्या,
किल्लीवाल्याला उशीर झाला असेल म्हणून.

फाटकाशी येऊन म्हणाल्या,
"सापडले तं मले सांगजो.
अकरा महिन्यांचा पगार आहे तिकडं. यमुनेचा बी."

बुश लेथवर करून घेतला, साठ रुपयांत.
गाठ तशीच ठेवली.
रात्री पंखा दोनदा अडखळला, मग लागला,
ताट्यांच्या ओल्या गवताचा वास खोलीभर.

दुकानाच्या वहीत ४११७ समोर लिहिलं: काम झालं.
बाकीच्या रकान्यात:
अकरा महिने. दोघी.