आवाज पूर्ण

माझा फोन आता माझा राहिला नाही,
रिस्तेनच्या दंडावरच्या
बटणाएवढ्या चकतीचा झालाय.

कौतोकेइनोच्या पठारावर उणे एकतीस.
थंडी बॅटरी गटागटा पिते,
म्हणून तो बनियनच्या आत, काखेशी;
कोंबडीने अंडं उबवावं तसा उबवतो.
रेनडिअर हाकताना मधूनच काढून बघतो:
बासष्ट टक्के.

"अपडेट करायचं?" रोज रात्री विचारतो.
नंतर, म्हणतो मी. नंतर.
मागे एकदा हो म्हटलं,
तर सकाळी तो नव्या रंगांत नटलेला
आणि गजर मुका.
पोर घामाने थबथबलेली,
मला शाळेतल्या बाईंच्या नावाने हाक मारत होती.
संत्र्याचा रस, घोट घोट. हात माझेच कापत होते.

आज म्हणाला, जागा संपली.
बसलो पुसत: शर्यतीचे फोटो,
स्नोमोबाइलची पावती,
चुलतभावाच्या लग्नातला धूसर नाच.
मग चार मिनिटांचा व्हिडिओ. रुन्ने,
बर्फात लोळणारा माझा कुत्रा,
तीन हिवाळ्यांपूर्वी गेलेला.

बोट अडलं.
रिस्तेन खांद्यावरून बघत होती.
"हा तर मला पाठ आहे," म्हणाली
आणि भुंकून दाखवलं, हुबेहूब,
शेवटच्या खाकरण्यासकट.

पुसला.

आता चार्जर भिंतीत, फोन उशाशी.
आवाज पूर्ण.
पडद्यावर हिरवा आकडा: सहा पूर्णांक एक.
बाहेर कळप बर्फ उकरतोय.
झोपत नाही असं नाही,
एक कान उभा ठेवून पडतो,
रुन्ने पडायचा तसा.