अकरा सेकंद

लेस्टरच्या नाट्यगृहात, डाव्या विंगेत,
माझा हिंदुस्थान सहा फूट बाय चार.
एक खुर्ची, कपाळाला बांधलेला निळा दिवा,
ओठांत धरलेल्या पिना,
आणि अकरा सेकंद.
तेवढ्यात विणकराच्या मुलीची राणी करायची.

हूक नुसते दिसायला. आत सगळं वेल्क्रो.
उचकटताना आवाज होतो,
म्हणून ढोलवाल्याला सांगून ठेवलंय,
त्या जागी जरा जोरात.

ग्लिन वेल्समधला. प्लायवूडचा महाल त्याचा,
कमानींना चहाचं पाणी पाजून त्यानं शंभर वर्षं जुन्या केल्या.
"तिकडे भिंती अशाच असतात ना?" शिडीवरून विचारतो.
मी किसुमूची. सातव्या वर्षी विमानात बसले
ती थेट इथल्या धुक्यात उतरले.
भारत पाहिला तो मावशीच्या कॅलेंडरवर,
तोही डिसेंबरपर्यंतच.
"अगदी अशाच," मी म्हणते.
तोंडात पिना असल्या की खोटं बोलणं सोपं जातं.

शारदा रामखेलावन त्रिनिदादहून आलेली.
तिच्या खापरपणजोबांनी बोटीतून उतरताना
नावाखेरीज काही आणलं नव्हतं,
आणि ते नावही कारकुनानं चुकवलं.
फेनेला, आमची दिग्दर्शिका, तिला सांगते:
मान अजून थोडी भारतीय हलव.
शारदा हलवते. फेनेला खूश.
"मी नाही म्हणत होते गं," शारदा मला नंतर म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात पैसे संपले.
राणीच्या घागऱ्याला काठच नाही.
मी घरी जाऊन आईची ट्रंक उघडली.
बांधणी. जामनगरहून मोंबासा, तिथून किसुमू, तिथून इथं,
कितीदा घडी बदललेली, एकदाही न नेसलेली.
कात्री चालताना कापड काही बोललं नाही.
एक गाठ सुटली फक्त, मोहरीएवढी.

रंगीत तालमीनंतर, रात्री एकला,
कुणीतरी (मीच) सगळे कपडे एकत्र
गरम पाण्यात टाकले.
सकाळी नर्तकांच्या बारा बंड्या, दोन धोतरं
आणि ग्लिनचा एक मोजा
गुलाबी.
मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत उभी.
फेनेलानं मोजा खिडकीशी धरला.
"हाच! हाच रंग मी सहा महिने शोधतेय."
डेझमंडनं दुसऱ्या अंकाचे दिवे
त्या मोज्यावरून बदलले.

आज पहिला प्रयोग.
अंधारात खोकला, चॉकलेटचे कागद.
शारदा धावत आत येते, हात बर्फ.
मी सोडते, ती पाय टाकते, मी ओढते,
सात, आठ, काठ घोट्याला अडकतो,
दातांनी दोरा तोडते,
जिभेवर काहीतरी तुरट.
तुरटी असेल. किंवा ट्रंकेतली इतक्या वर्षांची हवा.
अकरा.

ती उजेडात गेली.
मला इथून राणीची पाठच दिसते,
आणि खाली, जिथं घाईत टाचलंय,
काठ बोटभर वाकडा.
आईनं आधी तेवढंच पाहिलं असतं.