भाता

पेटी आली की मी आधी वाजवत नाही.
भाता भरतो, सगळे खटके बंद ठेवतो
आणि कान लावून बसतो.
वारा कुठून निसटतो ते वाराच सांगतो.
वेंगुर्ल्याची हवा खारट, कातडं फुगतं,
पितळी पट्ट्यांना हिरवं चढतं.
तीस वर्षं हेच.
दशावताराच्या तीन कंपन्या माझ्या कानावर विसंबून.

आणि कुडाच्या पलीकडे
दीपश्री खोकत होती.

दिवसा नाही. दिवसा लगोरी खेळायची.
रात्री तीनच्या सुमाराला,
कोरडा, एकामागून एक,
आणि मग श्वास सोडताना बारीक शिट्टी.
काळी चारच्या आसपास, जराशी उतरलेली.
सांगायला लाज वाटते:
सूर कळत होता, दुखणं कळत नव्हतं.

अडुळसा झाला. आलं-मध झालं.
छातीला ओव्याची गरम पुरचुंडी.
नाताली मावशी कुंपणावरून म्हणाली,
"खोकलो मा? जातलो."
साधा खोकला जातोच, पंधरा-वीस दिवसांत.
हा भरतीसारखा परत यायचा.

नाबर डॉक्टरीण तिच्या पाठीला नळी लावून
खूप वेळ गप्प राहिली,
खटके बंद ठेवल्यासारखी.
मग म्हणाली, मेस्त्री, हवा आत जाते,
बाहेर यायची वाट आवळलीय. आतून सूजही आहे.
मी म्हटलं, म्हणजे भाता शाबूत?
भाता उत्तम, ती हसली.
घरात काय काय उडतं ते सांगा.

काय उडतं?
सागाचा भुसा. कानशीखालची पितळेची पूड.
पॉलिशचं स्पिरिट.
जुन्या भात्यातली बुरशी, जी मी फुंकर मारून झाडतो,
तिचं ताट वाढलेलं असतं त्याच खोलीत.

दोन पंप मिळाले.
निळा अडल्या वेळेचा.
तपकिरी रोजचा, बरं वाटत असलं तरी रोजचा.
पंप हलवायचा, फुगीर डब्याला लावायचा, एकदाच दाबायचा,
तोंड न काढता सावकाश पाच-सहा श्वास.
तपकिरीनंतर चूळ.
रेडकर सिस्टरनं तीनदा करून दाखवलं
आणि माझं मनगट धरून बजावलं:
बोलताना वाक्य तुटायला लागलं,
बरगड्यांमधली कातडी आत ओढली गेली,
ओठ निळसर दिसले,
तर निळा देत देत निघायचं.
उजाडायची वाट बघायची नाही.

प्रणितानं पंप तांदळाच्या डब्यात लपवले.
सवय लागते म्हणतात,
पोरगी आहे, उद्या कोणी काही बोलेल.
मी मध्ये पडलो नाही.

मग एका रात्री वीज गेलेली,
आणि ती कोपरापर्यंत हात तांदळात घालून शोधत होती,
आणि दीपश्रीला नुसतं "आई" म्हणायला
दोन श्वास लागत होते.

मधूच्या रिक्षात अर्धं वेंगुर्ला जागं करत गेलो.
आता पंप आरशाजवळच्या खिळ्याला,
कंगव्याशेजारी, कुणीही बघा.

दुकान मी बंदरावरच्या खोपीत हलवलं.
तिथं पट्ट्या दुप्पट वेगानं गंजतात.
कंपनीवाले कुरकुरतात,
"मेस्त्रीनू, सूर टिकणा नाय."
मी परत लावून देतो. पैसे घेत नाही.
घरी जाण्याआधी विहिरीवर अंघोळ करतो,
सदरा बाहेरच वाळत टाकतो.

खोकला कायमचा गेला असं नाही.
काजूच्या मोहोरात दोनदा निळा लागला.
आणि तीनला मी सवयीनं जागा होतोच.
घड्याळ हातात धरून तिचे श्वास मोजतो.
पोट वर, पोट खाली, एक.
पोट वर, पोट खाली, दोन.

काल सतरापर्यंत मोजले.
पुढचं आठवत नाही.
जाग आली तेव्हा घड्याळ माझ्या पाठीखाली रुतलेलं,
आणि ती शाळेला गेली होती.