पहिला हप्ता

फॉर्मवर रकाना होता : पालकाचा व्यवसाय.
लिहिलं, मशीन ऑपरेटर, सातपूर.
पुढचा रकाना : घरात कोणी संगीताशी संबंधित?
तो तीन दिवस कोराच ठेवला.

त्र्यंबक रोडवरच्या बँकेत
साहेबांनी विचारलं, कोर्स कुठला?
म्हटलं, संगीत. गायन. तीन वर्षं.
हसले. कुचकट नाही, दमल्यासारखे.
ते झालं गं, पण शिक्षण कशाचं?
मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली.
नोकरी लागल्यावर पगार किती, या चौकटीत
एक शून्य लुकलुकत होतं.

शून्याची मला सवय आहे.
तीनतालात नवव्या मात्रेला टाळी पडत नाही,
हात नुसता हवेत उलटा जातो.
निरगुडे बाई ओरडायच्या,
खाली म्हणजे सुट्टी नव्हे, मोजत राहा.

मोजलं.
एकेचाळीस हजार पाचशे.
पंचवीस आत्ता, साडेसोळा दिवाळीच्या आत.
त्यातच तानपुरा देखभाल, सहाशे.
पप्पा त्या ओळीवर बोट ठेवून थांबले :
तार तुटली तर कोणी भरायची, हे कुठं लिहिलंय?
कुठंच लिहिलं नव्हतं.

गंगापूर रोडच्या फ्लॅटांत मी सहा मुलांना
सा रे ग म शिकवते, महिना सहाशे.
त्यातली दोघं तीस तारखेच्या आसपास
नेमकी आजारी पडतात.
सेतू केंद्रात चार फेऱ्या झाल्या, दाखला मिळाला :
पप्पांच्या ओव्हरटाइममुळे आम्ही
सवलतीच्या रेषेपेक्षा
अकराशे रुपयांनी श्रीमंत निघालो.

अशोकनगरच्या भिशीत बारा बायका, दोन-दोन हजार.
स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघाली
जयमालाकाकूंची.
आई काही बोलली नाही,
पोह्यांच्या बशा गोळा करत राहिली.
काकूंनी चिठ्ठी उलगडली, पुन्हा घडी घातली
आणि आईच्या हातातल्या बशीत टाकली.
आमच्या टीव्हीला कसली घाई.
पोरीला सांग, नातवाच्या बारशाला गाणं फुकट.
फुकट कसलं काकू,
चोवीस हजारांचं गाणं ते.

त्याच आठवड्यात डबा घेऊन कंपनीत गेले.
रात्रपाळी. पप्पा मशीनपाशी मान तिरकी करून उभे.
बेअरिंग जाणारे, म्हणाले.
कालपर्यंत शहाण्यासारखी गुणगुणत होती,
आज जरा चढलीय.
मी फोनवर तानपुरा लावून कानाशी धरला.
काळी चार. माझीच पट्टी.
मशीन तिच्यापेक्षा श्रुतीभर वर.
सुपरवायझर म्हणाला, मला तर काहीच फरक लागत नाही.
शुक्रवारी बेअरिंग गेलं.

कॉलेजच्या खिडकीशी लांब रांग होती.
उभ्या उभ्याच पेन काढलं
आणि तो कोरा रकाना भरला : वडील.
चोवीस काकूंचे, वर माझे एक हजार,
दहा-दहाच्या नोटांसकट.
आत नोटा मोजायचं यंत्र फरफरलं,
पप्पांची मान आपोआप तिरकी झाली.
साहेब, हिचा पट्टा ढिला झालाय बघा.
कारकून आधी त्यांच्याकडे, मग यंत्राकडे पाहत राहिला
आणि गड्डी परत हातानं मोजली.

सीबीएसला बसची वाट बघताना
पप्पांनी विचारलं, यंदा दिवाळी कधीय?
म्हटलं, लवकर आहे.
बराच वेळ मग कुणीच काही बोललं नाही.
मी पावती उघडून दाखवली :
हर्षली खैरनार.
काना राहिलाय, पप्पा.
त्यांनी पावती उजेडात धरली, नीट वाचली,
चार घड्या करून खिशात ठेवली.
असू दे, म्हणाले,
दुसऱ्या हप्त्याला घेऊ.