सव्वीस महिने

टार्टूत फेब्रुवारीची सकाळ नऊला उगवते.
तळघरात ती दिव्याच्या बटणावर चालते:
बारा तास उजेड, बारा तास काळोख,
वर नदी गोठो की वितळो.
मी बूट बदलते, टोपीत केस कोंबते
आणि बावन्न पिंजऱ्यांना सांगते, तेरे होम्मिकुस्त.
एकतीस वर्षं सांगतेय.
जूनमध्ये निवृत्त होईन.

एक्केचाळीस नंबर आज सव्वीस महिन्यांचा झाला.
कारेल, नवा विद्यार्थी, कानात सतत काहीतरी वाजत असतं त्याच्या,
फळ्यावर हिशेब मांडतो: माणसाचे किती?
सत्तर धरू, म्हणतो.
म्हणजे ज्याला मी दोन हिवाळ्यांपूर्वी मुठीत धरून तोललं
तो आता माझ्याहून आठ वर्षांनी थोरला.

रात्रीची बाटली तो पहाटेआधीच संपवतो.
जाळीखालच्या नळीत जमतं ते पातळ, भरपूर,
जवळजवळ पाणीच.
गाळणी विरली की जे राखायचं तेही वाहून जातं.
कागदाची पट्टी बुडवते:
पिवळी, पोपटी, मग थेट हिरवीगार.
पलीकडच्या रांगेत मोजून जेवणारे आहेत,
त्याच वयाचे, अंगाने सुकडे, चिडके.
त्यांची पट्टी अजून पिवळी.
हे वहीत नीट उतरवून मी जेवणाच्या सुट्टीत
सायीचे दोन बन खाल्ले.
वर्षातून एकदाच मिळतात.

दाब मोजायचा तर आधी शेपटी ऊब धरायला हवी.
ऊन फडकं, काचेची नळी, बोटभर पट्टा,
आणि मग वाट पाहणं.
त्याचं हृदय पडद्यावर शिवण घालत जातं,
मी मान वर करत नाही.
एकशे अठ्ठावन्न. एकशे त्रेसष्ट. एकशे एकसष्ट.
तरुणपणी एकशे वीस होता.
आलेख चढतोय, प्राध्यापिका मारिका खूश आहेत,
वय वाढतं तसा दाब वाढतो,
प्रस्तावात आम्ही तेच तर लिहिलं होतं.

मग मला आठवडाभर ताप आला.
कारेलने मोजलं: एकशे एकोणनव्वद.
सोमवारी मी मोजलं: एकशे एकसष्ट.
पट्टा तोच, फडकं तेच.
मधले अठ्ठावीस कुणाचे?
वयाचे म्हणावेत तर शनिवार-रविवारात
एवढा कुणी तरुण होत नाही.
मारिका म्हणाल्या, सरासरी काढा, ऊर्वे.
काढली.

बुधवारी दवाखान्यात माझ्याच दंडाला पट्टा.
परिचारिका अनोळखी, नखं निळी, घाईत.
एकशे बाहत्तर, म्हणाली, भुवया उंचावून,
मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची ओढून बसली,
विचारलं, काय काम करता?
मी उंदरांबद्दल बोलत राहिले.
पुन्हा मोजलं: एकशे सेहेचाळीस.
तिने दुसरा आकडा लिहिला.
पहिल्याचं काय करतात मी विचारलं नाही.

परतले तेव्हा कारेल पिंजऱ्यापाशी उभा,
हातमोज्यावर चाव्याचा ठसा, कान मोकळे.
तुम्ही कसं पकडता त्याला?
पकडत नाही, म्हटलं.
हात ठेव आत. उताणा नको, असा.
आता जेवणाचा विचार कर, किंवा आईचा, कशाचाही,
फक्त आकड्याचा नको.
बराच वेळ काहीच झालं नाही.
मग नाक आलं. मग मिश्या.
मग सगळा म्हातारा, पाचशे दहा ग्राम,
त्याच्या तळहातावर येऊन टेकला.
कारेलचा श्वास अडकला होता.
त्याचाही दाब मोजायला हवा होता तेव्हा.

गुरुवार ठरलेलाच होता.
मी धरलं. कारेलने वजनं सांगितली.
डावं दोन पूर्णांक एक, उजवं दोन पूर्णांक तीन,
फिकट, वरून रवाळ,
गार पडलेल्या लापशीची साय बोटाला लागते तसं.
मी लिहून घेतलं.
शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने एक ओळ लिहिली.

संध्याकाळी तो वही पाहून संगणकात आकडे भरत होता.
मधेच थांबला.
इथे लिहिलंय, "शेवटची बारा मोजमापं ओळखीच्या हाताने."
हे कुठे टाकू? याला रकाना नाही.

मी वाकून बूट शोधत होते.
पाय सुजलेत हल्ली, लवकर आत जात नाहीत.