दोन तळांमधलं बी

पायताणाच्या दोन तळांमध्ये
आम्ही एक बी ठेवतो,
चालताना करकर वाजावं म्हणून.
गिऱ्हाईक दुकानातच दोन पावलं टाकून बघतं,
आवाज आला की पैसे मोजतं.

माझ्या पिशवीच्या भिंतीत एक होतं.
ते वाजलं नाही.

आधी पाच दिवस, मग नऊ,
मग कॅलेंडरवर टिंब करायचंच सोडलं.
सुभाषनगरात दुपारी वेण्या घालत बसायचं
तर खाली पोतं, पोत्यावर जुनं लुगडं चौपदरी,
आणि उठायच्या आधी बघायचं, कोण कोण बसलंय.
नखं पांढरी. कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे.
सासू म्हणाली, चाळिशी आहे, जातंय तसं जाऊ दे.
महाद्वार रोडवर एका बाईनं
पोटाकडं बघून विचारलं, कितवा?
मी म्हटलं, सहावा.
धाकटी तेव्हा अकरावीला होती.

डॉक्टर मगदूम पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
ही बघा, फायब्रॉइड. लिंबाएवढी.
कर्करोग नव्हे हो, स्नायूचीच गाठ.
पुष्कळ जणींना असते, कितीतरी जणींना कळतही नाही.
मी म्हटलं, फळांचं नको,
मी मापं घेणारी बाई, सेंटीमीटर सांगा.
सहा पूर्णांक दोन.
म्हणजे सात नंबरच्या टाचेची रुंदी.
एकदम हातात आल्यासारखी वाटली.

हिमोग्लोबिन साडेसहा.
एवढ्यावर कामाला जात होता?
जात कुठं होते, बसूनच असते की.

घरात पिशवी काढायचं ठरूनही गेलं.
पोरं झाली, आता तिचा काय उपयोग.
नणंदेची काढली, तिच्या जावेची काढली,
मोडीत पत्र्याचे डबे द्यावेत तशा.
मी एकटी परत गेले. म्हटलं, आणखी काय असतं?
गोळ्या असतात. नुसती गाठ काढता येते.
पाळी गेली की बहुतेक आक्रसते आपसूक.
पिशवी काढायचीच झाली तर तुम्ही ठरवून काढू,
आधी अंगात रक्त येऊ द्या.

आक्रसणं मला कळतं.
चामडं वाळताना रोज बघते.

आज लोहाच्या गोळ्यांचा अठरावा दिवस.
अजून काही ठरवलेलं नाही.
शेजारी फुलाबाई वेणी संपवून उठली,
उठताना पोतं चाचपलं,
मागचा पदर पुढं ओढून बघितला.
मी आरी खाली ठेवली.
फुलाबाई, किती दिवस?
बराच वेळ गप्प.
मग बोटं मोजायला लागली.
एक हात संपला, तिनं दुसरा काढला.