नाळे बा

काउंटरवरचा पोरगा तसा वाईट नाही.
चिठ्ठी उलटीसुलटी करतो, रजिस्टर माझ्याकडं फिरवतो:
मशीन एक, दिवसाला चौदा,
त्यातले चार अपघातवाल्यांचे राखून.
दोन कुणाच्या तरी फोनवर जातात, हे तो बोलत नाही,
नुसता छताकडं बघतो.
"सरदी बरबेकु," म्हणतो.
अक्का माझी बाही ओढते: मला कुठं सर्दी झालीय गा?
मी सांगतो, कन्नडात सरदी म्हणजे पाळी.
आपली पाळी बहात्तर दिवसांनी.

पूर्वी हे तिनं मला समजावलं असतं.
येळ्ळूरची शेवंताक्का, खडेबाजारच्या कोपऱ्यावर
पंचवीस वर्षं कोथिंबीर विकली,
भाव मराठीत, मोजणी कन्नडात,
शिव्या दोन्हीत सढळ.
आधी आकडे गेले. ऐदू, आरू, मग एळू.
मग उजव्या हातातनं तागडी सुटली.
मग कोथिंबिरीला ती म्हणाली, ते... ते हिरवं.
डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली:
आत काहीतरी आहे, पण फोटोशिवाय हात लावता येणार नाही.

रस्त्यापलीकडं, काचेच्या दाराआड, आजच्या आज निघतो.
साडेसात हजार. पाण्याची बाटली फुकट.
मी बाटली न घेता बाहेर आलो.

मी उद्यमबागेत कास्टिंग तपासतो.
लोखंडाच्या पोटात हवेचा फुगा राहिलेला चालत नाही,
मोहरीएवढासुद्धा.
हातोडीनं टिचकी. आवाज बद्द आला की खडूनं फुली,
ट्रॉलीवर घालून थेट फोटोला.
पंपाच्या झाकणाला कोण म्हणत नाही
बहात्तर दिवस थांब म्हणून.

आमच्या या पट्ट्याचे नकाशे किती जणांनी काढले,
लाल पेन्सिलीनं, निळ्या पेन्सिलीनं.
तारखांचं आम्हाला नवल नाही.
एका बाईच्या डोक्यातली चार बोटं जागा
तेवढी मोजायची राहिलीय.
शिनोळीपलीकडचा चुलतभाऊ म्हणाला, इकडं घेऊन ये.
नेली. बाकावरची माणसं तशीच,
फक्त 'उद्या या' मराठीत म्हणाले.

लहानपणी गावात भुताची आवई उठलेली.
रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारतं,
ओ दिली की संपलं.
दारादारावर लोकांनी कन्नडात लिहिलं: नाळे बा. उद्या ये.
भूत वाचायचं, परत जायचं,
दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचायचं.
आमच्या दारावर अक्कानं लिहिलं, नवी नवी अक्षरं शिकलेली.
मी कंदील धरला होता.
विचारलं, त्याला कळत नाही का, उद्या कधी येतच नाही?
ती म्हणाली, भूत सरळ असतं गा. लिहिलेलं खरं मानतं.

हे मला काउंटरपुढं आठवलं.
मागं वळून बघितलं तर लांबच लांब रांग,
सगळी लिहिलेलं खरं मानणारी.

त्या रात्री माझ्या खिशात कारखान्याचा खडू राहिला होता.
अक्कानं काढून घेतला, भिंतीला धरून उठली,
दारावर लिहायला लागली.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
रोज तिन्हीसांजेला पुसते, रोज लिहिते.
एकोणपन्नास राहिले. सेहेचाळीस.
अक्षरं दारावरनं खाली खाली घसरत चाललीत.

काल कामावरनं आलो तर दारावर नुसतं 'बा'.
पहिला शब्द तिला सापडला नव्हता.
उंबऱ्यात बसलेली, खडू मुठीत,
वाटेकडं बघत.
नुसतं बा. म्हणजे, ये.

मला कन्नड नीट येत नाही, तेवढं एक येतं.
सायकल तशीच टाकली, तिची बोटं एकेक सोडवली
आणि 'बा'च्या अलीकडं, मोकळ्या जागेत, 'नाळे' लिहिलं,
फुली मारतो तसं दाबून,
खडू मोडेपर्यंत.